आजीची सीता आणि बाबूजी

शनिवारी सकाळी साडेसहाला खडकवासल्याच्या धरणाकाठी गाडी लावली की अर्धा तास जग आपलं असतं. नंतर कणसंवाले, भजीवाले आणि सिंहगडावर निघालेली समस्त पुण्यनगरी येऊन पोचते आणि हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. त्या अर्ध्या तासात मी गाडीत बसून गाणी ऐकतो. बायको याला 'तुझी संध्या' म्हणते. गेल्या शनिवारी गीतरामायण लावलं आणि तिसऱ्या गाण्याला बंद केलं. बंद का केलं हे स्वतःला सांगताना जे डोक्यात आलं, तो हा लेख.

आधीच सांगतो. मी सुधीर फडक्यांचा, म्हणजे बाबूजींचा, लहानपणापासूनचा चाहता आहे. शास्त्रोक्त गाण्यातलं मला फार कळत नाही, पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे खालच्या मतांना कानसेनाची मतं समजा. जाणकारांनी चूक दाखवली तर आनंदच आहे. रागावले तर ह. घ्या.

हा लेख लिहायचं धाडस मला एका चिनी सहकाऱ्यामुळे झालं. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त तीन महिने हाँगकाँगला होतो. टीममध्ये पन्नाशीचा एक टेस्टर होता, सॅम हुई या गायकाचा कट्टर फॅन. कँटोनीज बोलीत, रस्त्यावरच्या भाषेत पॉप गाणी लिहून ती हाँगकाँगच्या घराघरात नेण्याचं मोठं श्रेय या सॅम हुईला देतात. 1976 सालच्या एका सिनेमात त्याचं पगारी नोकरांच्या हालअपेष्टांवरचं गाणं आहे, ते आमचा टेस्टर रिलीजच्या रात्री हमखास गुणगुणायचा. त्याच्याकडून मला एक मजेशीर गोष्ट कळली. कँटोनीजमध्ये सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. एकच अक्षर सहा पट्ट्यांत म्हटलं तर सहा वेगळे शब्द. त्यामुळे तिथे बहुधा चाल आधी बनते आणि गीतकाराला प्रत्येक स्वराखाली त्या उंचीचाच शब्द शोधून बसवावा लागतो. नाहीतर प्रेमगीताचं भलतंच काहीतरी व्हायचं!

पण मला खरा धक्का दिला तो त्याच्या बोलण्यातल्या मोकळेपणाने. आपल्या दैवताबद्दल तो बिनदिक्कत म्हणायचा की आवाज काही फार मोठा नाही, नंतरची बरीच गाणी सुमार आहेत, अमुक अल्बम तर फेकून देण्याच्या लायकीचा. आणि पुढच्या मिनिटाला डोळे मिटून त्याचंच गाणं म्हणायचा. त्याच्या प्रेमाला या दोषांनी ओरखडासुद्धा पडत नव्हता. मला विचारलं, "तुझ्या गायकाची वाईट गाणी कुठली?" आणि मी गप्प. आमच्या घरात असं काही विचारायची पद्धतच नव्हती. बाबूजींचं गाणं चाललंय म्हणजे पाय पसरून बसायचं नाही, इतपत सोवळं होतं.

त्या सोवळ्याला पहिला धक्का खरं तर आजीने दिला होता, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी. पण ते समजायला थोडा इतिहास हवा.

1955 साल. खडकवासल्यात त्या वर्षी जानेवारीत राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं, उद्घाटन झालं. धरण तोवर पाऊणशे वर्षांचं म्हातारं झालेलं, 1879 चं. पुण्याचं आकाशवाणी केंद्र मात्र अगदी तान्हं होतं, 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालेलं. तिथे सीताकांत लाड नावाचे गोवेकर अधिकारी होते. त्यांनी ग. दि. माडगूळकरांकडे मागणी केली की वर्षभर चालेल असं काहीतरी द्या. त्यातून दर आठवड्याला एक गाणं, असं रामायण ठरलं. 1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी. पहिलं गाणं वाजलं. पहिल्याच गाण्याचा कागद ऐनवेळी हरवला आणि लाडांनी माडगूळकरांना एका खोलीत कोंडून ते पुन्हा लिहून घेतलं, अशी एक गोष्ट सांगतात. डेडलाइनचं हे तंत्र आमच्या मॅनेजरांना कळू नये अशी प्रार्थना.

बावन्न आठवड्यांचा बेत होता, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून छप्पन्न गाणी झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर छप्पन्न स्प्रिंट, एकही न चुकता, आणि प्रत्येकाच्या शेवटी प्रॉडक्शनमध्ये गेलेला पक्का माल! गाणं शुक्रवारी सकाळी लागायचं आणि शनिवार-रविवारी परत ऐकवायचे. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. माझी आजी तेव्हा वीस वर्षांची, नवीन लग्न होऊन नारायण पेठेतल्या वाड्यात आलेली. रेडिओ मालकांकडे होता. ती वही घेऊन जिन्यात बसायची. शुक्रवारी निम्मं उतरवायचं, शनिवारी गाळलेल्या जागा भरायच्या, रविवारी नुसतं ऐकायचं. अशी छप्पन्न गाण्यांची वही तिने तयार केली.

ती वही 12 जुलै 1961 ला गेली. त्या दिवशी सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं आणि दुपारपर्यंत खडकवासल्याचीही भिंत फुटली. नारायण पेठ, शनिवार पेठ पाण्याखाली. आजी-आजोबा आणि पाच वर्षांचे बाबा वाचले, वाडा बसला. भांडी गेली, ट्रंका गेल्या. आजी मात्र वहीबद्दल बोलायची. पुढे बाबा सीडब्ल्यूपीआरएसमध्ये नोकरीला लागले आणि आम्ही खडकवासल्यात राहायला आलो. ज्या धरणाने घर नेलं त्याच्याच पायथ्याशी. आजी कधी धरणावर फिरायला आली नाही. "त्या पाण्याशी माझं बोलणं नाही," म्हणायची.

तर अशा घरात साधारण 1988 च्या सुमारास बाबांनी गीतरामायणाच्या कॅसेट आणल्या. पूर्ण संच. महिन्याच्या पगाराच्या मानाने बराच महाग. वही गेली ना, मग हे घे, असा त्यांचा भाव. रविवारी सकाळी आंघोळी उरकून सगळे बसले, बाबांनी टेप लावला. आजी एक कॅसेट ऐकत राहिली, दुसरी ऐकली. तिसरी लावल्यावर तिने विचारलं, "सगळं फडकेच म्हणतायत? सीता कुठंय?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. मलाही नव्हता कळला. गीतरामायण म्हणजे बाबूजींचा एकट्याचा आवाज, हे आमच्या पिढीला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. पण आजीने रेडिओवर ऐकलेलं गीतरामायण अनेक आवाजांचं होतं. रामाची गाणी फडक्यांची, सीतेची बहुतेक माणिक वर्मांची. शिवाय ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक असे एकाहून एक लोक. ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि पुढे कॅसेट आल्या त्या मात्र सगळ्या एकट्या बाबूजींच्या. आजी पस्तीस वर्षं ज्या सीतेला मनात ऐकत होती, ती त्या संचात नव्हतीच.

बाबा म्हणाले, "अगं कीर्तनात एकटे बुवाच राम आणि रावण आणि सीता करतात ना? हे तसंच."

आजी म्हणाली, "बुवा आवाज बदलतात रे."

विषय तिथेच संपला. पण मंडळी, बाबूजींच्या गाण्यावर मी आजवर जेवढी समीक्षा वाचली आहे, त्यात आजीच्या या चार शब्दांइतकं नेमकं काही सापडलेलं नाही.

कारण बाबूजी आवाज बदलत नाहीत. हाच त्यांचा गुण आहे आणि हाच दोष. गुण आधी सांगतो, कारण त्यावरच आमचं प्रेम बसलंय. बाबूजींचं कुठलंही गाणं पहिल्यांदा ऐका, एकही शब्द 'काय म्हणाले?' असं विचारावं लागत नाही. मराठीत 'चंद्रा'चा 'च' वेगळा आणि 'चोरा'चा वेगळा, 'जीवा'चा 'ज' वेगळा आणि 'जाई'चा वेगळा. लिहिताना अक्षर एकच, बोलताना दोन. भलेभले गायक सुरांच्या नादात हे दोन्ही एकाच चरकात घालतात. बाबूजींचा च, ज, झ कधी चुकत नाही. जोडाक्षर आलं की त्याच्या आधीचा आघात किती द्यायचा, ओळीच्या शेवटच्या अक्षरावर आवाज किती सोडायचा, श्वास शब्दाच्या मध्ये न घेता कुठे चोरायचा, हे सगळं ठरलेलं. ते स्वतः बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांना आदर्श मानायचे, आणि त्या दोघांचं लाघव त्यांच्या गळ्यात आहे, पण शब्दांची ही शिस्त त्यांची स्वतःची. इतरांकडून गाऊन घेतानाही ते उच्चारांच्या बाबतीत भयंकर हट्टी होते.

आणि चालसुद्धा तशीच. हाँगकाँगच्या टेस्टरने सांगितल्यावर मला हे नव्याने जाणवलं. त्यांच्याकडे चालीत शब्द बसवायचे, गीतरामायणात शब्द आधी आणि चाल त्यांच्या मागून. माडगूळकरांची ओळ बोलताना जिथे आपोआप वर जाते तिथेच बाबूजींची चाल वर जाते. म्हणून तर गीतरामायणाची हिंदी, कन्नड, तेलुगू, बंगाली भाषांतरं झाली तेव्हा भाषांतरकारांना बाबूजींच्या चालींतच शब्द बसवावे लागले असतील ती कसरत काय असेल, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं. तिथे त्यांचं हाँगकाँगच झालं म्हणायचं.

आता दोष. शब्द इतका स्वच्छ ठेवायचा म्हटलं की आवाजाला चिखलात उतरता येत नाही. गीतरामायणात शूर्पणखा रावणाला सूड घ्यायला चिथावते असं गाणं आहे. नाक-कान कापलेली बाई, अपमानाने पेटलेली. ध्वनिमुद्रिकेवर ते ऐका. चाल उत्तम आहे, शब्द जळजळीत आहेत, आणि गाणारा माणूस मात्र सदाशिव पेठेतला सभ्य गृहस्थ वाटतो. राग आहे, पण इस्त्री केलेला. सीतेच्या विलापातही तसंच. दुःख पोचतं, पण ते सीतेचं दुःख सांगणाऱ्या एका सुसंस्कृत माणसाचं म्हणून पोचतं. रामाची गाणी मात्र त्याच आवाजात अप्रतिम होतात, कारण संयम हाच रामाचा स्वभाव. गेल्या शनिवारी मी तिसऱ्या गाण्याला टेप (बरं, फोन) बंद केला तो याच कारणासाठी. कौसल्या बोलत होती आणि मला कौसल्या ऐकू येत नव्हती.

असं का झालं असावं? माझा अंदाज सांगतो, कागदोपत्री पुरावा काही नाही. वीस कलाकारांचं गीतरामायण गावोगाव नेता येत नाही. एक माणूस, त्याच्या हातातली पेटी, तबला आणि प्रभाकर जोगांचं व्हायोलिन एवढं नेता येतं. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमचं मोनोलिथ केलं, म्हणून ते सगळीकडे इन्स्टॉल झालं! बाबूजी स्वतः पेटी वाजवत गायचे आणि अशा कार्यक्रमांनी महाराष्ट्रात आणि बाहेर गीतरामायण अक्षरशः पेरलं. ते एकट्याचं झालं नसतं तर आज ते एखाद्या कपाटातल्या फितींवर पडून असतं, हा बाबांचा मुद्दा मला मान्य करावाच लागतो. किंमत मोजली गेली एवढंच माझं म्हणणं. आणि ती आजीने मोजली.

उतारवयातल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं हा आणखी एक नाजूक विषय. साठी-सत्तरीच्या बाबूजींचा आवाज थरथरतो, वरचे सूर ओढून आणावे लागतात, आणि श्रोते प्रत्येक कडव्याला टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या माणसाला आहेत, मला मान्य. पण आज एखादा पंचवीस वर्षांचा मुलगा यूट्यूबवर 'सुधीर फडके' शोधतो, त्याच्यासमोर नेमकं असलं एखादं रेकॉर्डिंग येतं आणि तो 'आजोबांचं संगीत' म्हणून पुढे जातो. माझ्या टीममधल्या दोघांनी मला हेच सांगितलं. त्यांना मी म्हणालो, बाळांनो, तुम्ही चुकीच्या दारातून आत शिरलात.

बरोबरचं दार म्हणजे सिनेमा.

रामचंद्र विनायक फडके, जन्म 25 जुलै 1919, कोल्हापूर. 'सुधीर' हे नाव नंतरचं. वामनराव पाध्यांकडे गाणं शिकले, मग घरची परिस्थिती ढासळली आणि उमेदीची वर्षं गावोगाव भटकण्यात, उपाशीपोटी गेली. 'जगाच्या पाठीवर' हे त्यांचं अपुरं राहिलेलं आत्मचरित्र वाचा, देव्हाऱ्यातले बाबूजी विसरायला होतात आणि फाटक्या कपड्यातला एक हट्टी पोरगा दिसायला लागतो. 1941 मध्ये ते एचएमव्हीत आले आणि 1946 मध्ये प्रभातमध्ये. म्हणजे आजचं एफटीआयआय जिथे आहे तिथे. 'गोकुळ' हा सिनेमा त्यांनी तेव्हा केला. पुढच्या वर्षीच्या प्रभातच्या 'आगे बढो'मध्ये देव आनंद होता. 1949 मध्ये ललिता देऊळकरांशी लग्न झालं, त्या लग्नात मंगलाष्टकं महंमद रफींनी म्हटली. (हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं होतं.)

आणि मग 1952. दिग्दर्शक राजा परांजपे, शब्द माडगूळकरांचे, संगीत फडक्यांचं. 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' दोन्ही त्याच वर्षीचे, मग 'ऊन पाऊस', मग 1960 चा 'जगाच्या पाठीवर'. ज्यांना वाटतं बाबूजी म्हणजे हात जोडून ऐकायचं संगीत, त्यांनी 'लाखाची गोष्ट' ऐकावा. आशा भोसले तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांच्या. हिंदीत त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. इथे बाबूजी त्यांना खट्याळ, लाजरं, हक्काने विचारणारं प्रेमगीत देतात. त्याच सिनेमात मालती पांडे यांचं एक गाणं आहे, झाडाझुडपांच्या पलीकडच्या एका झोपडीचं. त्यात काहीच घडत नाही. चाल फक्त चालत चालत त्या झोपडीपाशी जाते आणि थांबते. मी ते शेकडो वेळा ऐकलं असेल. माझ्या मते बाबूजींच्या पाच सर्वोत्तम रचनांत ते येतं, आणि त्यात बाबूजींचा आवाज नाही!

हेच माझं मुख्य आणि कदाचित वादग्रस्त मत आहे. बाबूजींना दुसऱ्याचा गळा मिळतो तेव्हा ते स्वतःपेक्षा मोठे होतात. स्वतः गाताना जो संयम पायातली बेडी होतो, तोच रचनाकार म्हणून कामाला येतो, कारण तिथे गाणारा थोडं ओतायला तयार असतो आणि बाबूजी भांडं नीट धरतात. 1970 चा 'मुंबईचा जावई' घ्या. रामदास कामत म्हणजे नाट्यगीतातला दणदणीत, पल्लेदार आवाज. त्यांच्याकडून बाबूजी एक हळुवार प्रेमगीत असं काढून घेतात की माणूस कुजबुजतोय असं वाटावं. त्याच सिनेमात आशाबाईंचं रुसव्याचं गाणं आहे.   आता हा माणूस आवाज बदलत नाही असं कोण म्हणेल? बदलतो, पण दुसऱ्याच्या गळ्यात शिरून.

किंवा भूपाचंच बघा. गीतरामायणाचं पहिलं गाणं भूपात आहे. पाच सूर, म आणि नी गायब. सगळं खालच्या अंगाने, गंधारावर विसावत, एखाद्या सभेत पाऊल टाकावं तसं. सहा वर्षांनी, 1961 मध्ये, 'भाभी की चूडियाँ' आला. त्यांनीच संगीत दिलेल्या 'वहिनीच्या बांगड्या' या 1953 च्या मराठी सिनेमाचा हिंदी अवतार. त्यात पंडित नरेंद्र शर्मांचं पहाटेचं गाणं लतादीदींनी गायलंय. सूर तेच पाच. पण इथे चाल वरच्या अंगाने निघते, धैवतावर रेंगाळते, तार षड्जाला हात लावून येते, आणि अंधार ओसरून उजेड सांडत असल्याचा भास होतो. हा भूप की देशकार यावर जाणकार आजही भांडतात. आमच्यासारख्या औरंगजेबांना एवढंच कळतं की त्याच पाच अक्षरांत या माणसाने एकदा संध्याकाळ लिहिली आणि एकदा सकाळ. हिंदीत त्यांनी याहून खूप जास्त करायला हवं होतं, ही माझी जुनी तक्रार.

दुसरी तक्रार वाद्यमेळाची. कडव्यांच्या मधले तुकडे बऱ्याचदा एकसारखे येतात. बासरी, मग व्हायोलिन, मग सतारीचा एक तुकडा आणि परत ध्रुवपद. हृदयनाथ मंगेशकरांची गाणी नुसत्या मधल्या संगीतावरून ओळखता येतात, तसं बाबूजींचं फार कमी वेळा होतं. शब्द संपला की त्यांचं लक्ष संपतं असं वाटतं. आता यावर पुण्यात मला चपलांचा प्रसाद मिळू शकतो, पण वीकेंडला लिहिलेल्या लेखात खोटं कशाला बोला?

स्वतः गायलेल्या गाण्यांत बाबूजी कुठे सर्वोत्तम आहेत? पुन्हा सिनेमातच. 1961 चा 'प्रपंच'. गरीब कुंभाराचं, पोराबाळांनी भरलेलं घर. त्यात विठ्ठलालाच कुंभार म्हणणारं गाणं माडगूळकरांनी लिहिलं आणि बाबूजींनी गायलं. तिथे त्यांचा तोच स्वच्छ आवाज आहे, तेच काटेकोर उच्चार, पण आत काहीतरी हललेलं आहे. शेवटच्या कडव्यात देवाकडे केलेली तक्रार आहे, तिथे आवाज चढत नाही, उलट आत ओढला जातो. ओरडणाऱ्या माणसाची तक्रार आपण ऐकून सोडून देतो, ही सोडता येत नाही. 'आम्ही जातो अमुच्या गावा' मधली जगदीश खेबुडकरांची प्रार्थना तशीच. 1972 चा सिनेमा, घरात शिरलेल्या चोरांची गोष्ट. सज्जन आवाजात चोरांची कबुली! इथे बाबूजींचं ते सदाशिव पेठी सभ्यपण उलटं होऊन उपयोगी पडतं.

'प्रपंच'चं आणि आमच्या घराचं साल एकच. आजी म्हणायची, पुरानंतर कित्येक महिने गाणं ऐकावंसंच वाटलं नाही, आणि परत ऐकलं ते पहिलं गाणं हे कुंभाराचं. गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत, शेजारच्यांच्या रेडिओवर. मातीची भांडी घडवणाऱ्या आणि फोडणाऱ्या देवाचं गाणं, आणि ऐकणारीच्या घरात एक धड भांडं नाही. तिने यावर कधी भाष्य केलं नाही. फक्त कुठे ऐकलं ते सांगायची.

आता एका गोष्टीबद्दल बोललं नाही तर हा लेख अर्धवट राहील. बाबूजी फक्त गायक-संगीतकार नव्हते. 1954 मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवण्याच्या सशस्त्र मोहिमेत ते स्वतः होते. म्हणजे गीतरामायण सुरू होण्याच्या आदल्या वर्षी हा माणूस जीव धोक्यात घालून आला होता. आणि आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं त्यांनी 'वीर सावरकर' या सिनेमासाठी घातली. लोकांकडून पैसे गोळा केले, अडचणींवर अडचणी आल्या, 2001 मध्ये सिनेमा प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी, 29 जुलै 2002 ला ते गेले. त्यांची राजकीय मतं तुम्हाला पटोत न पटोत, माडगूळकर काँग्रेसचे आमदार आणि फडके संघाचे, तरी दोघांनी मिळून हे सगळं केलं, हे आजच्या व्हॉट्सअॅपच्या काळात मला फार महत्त्वाचं वाटतं. चाहता म्हणून मात्र मी कद्रू हिशेब करतो. त्या वर्षांत किती चाली झाल्या असत्या? बाबांना हा हिशेबच अश्लील वाटतो. ते म्हणतात, ज्या हट्टाने सिनेमा केला त्याच हट्टाने तो 'च' आणि 'ज' सांभाळला, एक घे आणि एक सोड असं करता येत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

2024 मध्ये 'स्वरगंधर्व सुधीर फडके' हा त्यांच्यावरचा सिनेमा आला, तेव्हा बाबांना घेऊन गेलो होतो. आजी 2009 मध्येच गेली. शेवटपर्यंत तिला गीतरामायणातली बरीच गाणी पाठ होती, आणि मजा म्हणजे रामाची ती सरळ म्हणायची आणि सीतेची जरा नाकात, माणिकबाईंची ढब आणून. आम्ही पोरं हसायचो. ती कशाची नक्कल करत होती हे आम्हाला माहीत नव्हतं. मूळ आवाजातली काही मोजकी गाणी मला अलीकडे ऐकायला मिळाली. माणिक वर्मांचं पहिलं वाक्य कानावर आलं आणि मी दचकलो, कारण ती नाकातली लकब मला आधीपासून पाठ होती, आजीच्या आवाजात.

त्या शनिवारी गीतरामायण बंद केलं तेव्हा बाबा शेजारी बसलेले होते, हे सांगायचं राहिलंच. सत्तरीचे झालेत, सकाळचं फिरणं म्हणून माझ्याबरोबर येतात. गाडीत शांतता. पाण्यावर धुकं होतं, समोर एनडीएच्या बाजूचा डोंगर नुकता दिसायला लागला होता. मला वाटलं आता बोलणी बसणार. मी मनात शूर्पणखेपासून सगळे मुद्दे तयार ठेवले.

बाबा म्हणाले, "मालती पांडेंचं ते झोपडीचं लाव. आणि काच वर कर, कणीसवाल्याचा धूर येतोय."